‘बाद’ कोणी म्हणायचे? : रंगगोळीच्या खेळाचा एक अभ्यास

यंदा आमच्या मानसशास्त्र अभ्यासमंडळात मी एक टिपण वाचले. विषय ऐकूनच काही प्राध्यापकांच्या भुवया वर गेल्या होत्या, आणि नंतरची चर्चा तर टिपणापेक्षाही लांबली. त्या चर्चेत निघालेल्या मुद्द्यांची भर घालून ते टिपण येथे देत आहे. विषय आहे ‘पेंटबॉल’ या खेळाचा, आणि त्यातही त्याच्या एका पोटप्रकाराचा. उघड्या रानाऐवजी भिंती, खोल्या व बोळ यांनी कोंदलेल्या जागेत, पाचदहा पावलांच्या अंतरावरून हा डाव खेळला जातो. आमच्या नाट्यमंडळाची सहल गेल्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या अशाच एका मैदानावर गेली होती. मी त्या मंडळाची प्रॉम्प्टर, आणि मानसशास्त्राची विद्यार्थिनी. सहलवर्णन लिहिण्याचा मात्र माझा मुळीच इरादा नाही. बसमधल्या अंताक्षऱ्या आणि घाटातल्या उलट्या यांची वर्णने मागील अंकांतून वाचकांनी पुरेशी सोसली आहेत.

प्रथम खेळाची सामग्री. या खेळातली गोळी काचेच्या गोटीएवढी असते. व्यास सुमारे १७ मिलिमीटर, वजन सुमारे ३ ग्रॅम. वरचे कवच औषधाच्या मऊ कॅप्सूलचे असते तसेच जिलेटिनचे, आणि आत पाण्याने धुऊन निघणारा, किंचित तेलकट वाटणारा रंग. मी तिला ‘रंगगोळी’ म्हणणार आहे. जिलेटिन हे जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून करतात. आमच्या चमूतल्या एका कट्टर शाकाहारी मैत्रिणीला हे दोन डाव खेळून झाल्यावर कळले. मुखवट्याच्या फटीतून रंगाचा एक थेंब ओठावर आला होता त्याचे काय, या तिच्या प्रश्नाला आम्हा कोणापाशीच उत्तर नव्हते. गोळी उडवणाऱ्या यंत्राला खेळाडू ‘गन’ म्हणतात. पण मैदानावरचे दादा, म्हणजे आमचे पंच, प्रत्येक वेळी दुरुस्ती करीत, “गन नाही, मार्कर म्हणा.” मार्कर म्हणजे खूण करणारे यंत्र. हा त्यांचा हट्ट केवळ शब्दाचा नव्हता, हे पुढे खेळाच्या जन्मकथेवरून दिसेलच.

दाबलेल्या हवेच्या जोरावर ही गोळी उघड्या मैदानात सेकंदाला जास्तीत जास्त ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर वेगाने सोडण्याची मुभा सर्वसाधारणपणे असते. जवळच्या अंतरावरच्या मैदानात हा वेग बराच खाली आणतात. याचे गणित सोपे आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ९१ मीटर वेगाला ती साधारण १२ ज्यूल भरते. वेग २०० फुटांवर आणला की साडेपाचच्या आसपास, म्हणजे वेग एकतृतीयांशाने घटवला तर मार निम्म्याहूनही कमी होतो. तरीही तो मारच. उघड्या कातडीवर बसला तर आठवडाभर टिकणारा काळानिळा वळ उठतो. डोळ्याचा प्रश्न याहून निराळा. फुटबॉल तोंडावर आदळला तर डोळ्याभोवतीचे हाड त्याला अडवते. सतरा मिलिमीटरची गोळी मात्र त्या खोबणीत सरळ आत जाऊ शकते. म्हणून मैदानाच्या जाळीच्या आत मुखवटा काढायचा नाही, हा या खेळातला पहिला आणि निरपवाद नियम आहे. काचेवर वाफ धरली, घाम डोळ्यांत गेला, चष्मा घसरला, तरी नाही. बाकीच्या सर्व नियमांवर वाद होतात; यावर होत नाही.

आता जन्मकथा. अमेरिकेतल्या जंगलखात्याच्या कामगारांना तोडायच्या झाडांवर लांबून रंगाची खूण करता यावी, आणि मोठ्या कुरणांतल्या गुराख्यांना कळपातले नेमके जनावर ओळखता यावे, यासाठी नेल्सन नावाच्या रंगाच्या कंपनीने ही रंगगोळी बाजारात आणली. ती सोडणारे ‘नेल-स्पॉट ००७’ हे यंत्र छर्ऱ्याच्या बंदुका बनविणाऱ्या डेझी कंपनीने तयार केले. ही १९७० च्या सुमाराची गोष्ट. यंत्र माणसावर रोखण्याची कल्पना त्यात कुठेही नव्हती. ती निघाली एका वादातून. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात उलाढाल करणारा हेज नोएल आणि न्यू हॅम्पशायरच्या रानात राहणारा लेखक चार्ल्स गेन्स हे दोघे मित्र. जगण्याच्या झगड्यात शहरी माणूस टिकेल की रानातला, यावर त्यांचे भांडण. शहरात धूर्तपणे जगणारा माणूस रानातही तसाच तगेल असे नोएलचे म्हणणे, तर गेन्सला ते साफ नामंजूर. शेतीच्या सामानाच्या एका सूचीपत्रात हे रंगाचे यंत्र त्यांच्या नजरेस पडले, आणि वादाचा निकाल लावण्याचे साधन मिळाले. बॉब गर्न्सी नावाच्या तिसऱ्या मित्राने नियम बांधायला मदत केली. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर येथे बारा जण रानात शिरले. संघ नव्हते. प्रत्येक जण एकटा, उरलेल्या अकरा जणांच्या विरुद्ध. रानात चार ठिकाणी निशाणे ठेवलेली होती. चारही ठिकाणचे एकेक निशाण घेऊन, अंगावर रंगाचा डाग न पडता, जो प्रथम बाहेर येईल तो जिंकला. त्या बारा जणांत शिकारी होते, शल्यविशारद होता, शेअरबाजारवाला तर होताच. जिंकला मात्र रिची व्हाइट नावाचा वनाधिकारी. आणि नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की त्याने एकही गोळी झाडली नाही. तो कोणाच्या दृष्टीसच पडला नाही.

गोळी झाडण्याच्या खेळाचा पहिला विजेता एकही गोळी न झाडता जिंकला, ही हकीकत मला इतकी आवडली की टिपणाचा बराचसा भाग मी तिच्याभोवतीच रचला होता. परंतु आमचे सर म्हणाले, “रानात लपायला जागा असते. तुमच्या त्या खुराड्यात काय?” प्रश्न रास्त होता. हेनिकरनंतर खेळ झपाट्याने बदलला. पुढल्याच वर्षी पैसे घेऊन खेळू देणारी मैदाने निघू लागली, एकट्याच्या जागी दोन संघ आले, आणि हळूहळू रानातून तो पडीक गोदामांत आणि मुद्दाम बांधलेल्या चक्रव्यूहांत शिरला. आम्ही खेळलो ते मैदान म्हणजे पत्र्याच्या शेडखाली प्लायवूडच्या भिंती उभारून केलेल्या नऊ खोल्या, तीन बोळ, डांबराची रिकामी पिंपे आणि मधोमध टायरांची उतरंड. एवढ्या जागेत सात विरुद्ध सात. येथे रिची व्हाइटसारखे नाहीसे होणे शक्यच नव्हते. मग येथे माणूस टिकतो तो कशाच्या बळावर?

एक उत्तर भूमितीचे आहे. नवशिका खेळाडू हिंदी चित्रपटातल्या नायकाप्रमाणे भिंतीला पाठ चिकटवून, यंत्राची नळी वर धरून कोपऱ्यापाशी उभा राहतो आणि एकदम मान बाहेर काढतो. हे दिसायला झोकदार, पण घातक. भिंतीच्या कडेला चिकटलेल्या माणसाचे डोळे कडेपलीकडे पोचण्याआधी त्याच्या बुटाचे टोक, कोपर आणि नळी पलीकडच्याला दिसलेली असते, आणि मान बाहेर काढताच सारी खोली एकदम त्याच्या अंगावर येते. कुठे पाहावे हे ठरवण्यातच त्याचा अर्धा सेकंद जातो. उलट कडेपासून दीडदोन हात मागे सरकून, अर्धवर्तुळात बारीक पावले टाकीत बाजूला गेले, तर खोली थोडी थोडी उघडत जाते. इंग्रजीत याला ‘पाय’ नावाचा पदार्थ कापण्याची उपमा देतात. आपल्याला कलिंगडाची फोड अधिक परिचयाची. प्रत्येक पावलाला एकच नवी फोड दिसते, तेवढीच न्याहाळायची, मग पुढचे पाऊल. दुसरा धडा चौकटीचा. दारात उभा असलेला माणूस खोलीतल्या प्रत्येक कोपऱ्यातून दिसतो, त्याला मात्र एका वेळी एकच कोपरा पाहता येतो. उंबरठ्यावर उभे राहू नये असे आजी का सांगत असे याचा उलगडा मला त्या दिवशी नव्याने झाला. आमचे दिग्दर्शक पहिल्या तीन डावांत पहिल्या मिनिटालाच बाद झाले ते याच कारणाने. दारात थांबून मागच्यांना सविस्तर सूचना देण्याची त्यांची सवय तालमीतली आहे.

परंतु भूमिती हे अर्धेच उत्तर. कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या असलेल्या सात जणांपैकी प्रत्येकाला खोल्यांची एकेकच फोड दिसते. सगळे कलिंगड कोणालाच दिसत नाही. सातांना दिसलेले एकत्र यायचे असेल तर बोलले पाहिजे. आम्ही पहिले दोन डाव मुक्याने खेळलो. लपून खेळायचे म्हणजे गप्प बसायचे ही आमची समजूत. परिणामी शेजारच्या खोलीत आपला माणूस आहे की परका हेही कळेना, आणि आपल्याच माणसाला रंगवण्याचे प्रसंग घडले. तिसऱ्या डावात बोलायला सुरुवात केली ती आमच्या मंडळात प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलाने. हा अबोल मुलगा. नाटकात दोन प्रवेशांमधल्या काळोखात कोण कुठून कुठे सरकतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्याने जागांना आमच्याच भाषेतली नावे दिली : डावी विंग, उजवी विंग, मागचा पडदा, आणि टायरांची उतरंड म्हणजे ‘सिंहासन’. “उजव्या विंगेत दोन!” “सिंहासनामागे एक, भरतोय!” दोन-तीन शब्दांपलीकडे वाक्य नाही. मला प्रॉम्प्टर म्हणून याचे विशेष अप्रूप वाटले. आमच्या कामात नटाला ऐकू जावे आणि प्रेक्षकाला जाऊ नये असे बोलावे लागते. येथे प्रतिपक्षालाही सगळे ऐकू जात होते आणि तरीही फायदा बोलणाऱ्यांचाच होता; कारण आपण कुठे आहोत हे प्रतिपक्षाला आधीच ठाऊक असते, आमच्या चमूला मात्र ते नव्याने कळत होते. दिवसअखेर त्या मुलाची गोळ्यांची डबी जवळजवळ भरलेलीच होती. सरांच्या प्रश्नाचे उत्तर मी याच मुलाच्या रूपाने दिले. खुराड्यातही गोळी न झाडता उपयोगी पडता येते. लपून नव्हे, बोलून.

आता मूळ प्रश्नाकडे वळते.

रंगगोळी अंगावर वा यंत्रावर लागून फुटली आणि तिचा स्पष्ट डाग पडला तर खेळाडू बाद. लागून न फुटता उडाली तर बाद नाही. शेजारच्या भिंतीवर फुटून नुसते शिंतोडे आले तरी बाद नाही. नियम सोपा आहे, पण तो अंमलात कोणी आणायचा? नऊ खोल्यांना दोन पंच. पंचाला तुमची पाठ दिसत नाही, कित्येकदा मारणाऱ्यालाही आपली गोळी फुटली की नाही हे दिसत नाही. ते ठाऊक असते फक्त तुम्हाला. तेव्हा तुम्हीच हात वर करायचा, “बाद!” म्हणून ओरडायचे, आणि हात तसाच वर ठेवून बाहेर चालू लागायचे. शंका असेल तर पंचाला किंवा सोबत्याला पाठ दाखवून विचारायचे. साऱ्या खेळाचा डोलारा या एका हातावर उभा आहे. बाहीने डाग पुसून पुढे खेळत राहणे अगदी सोपे आहे, आणि जगभरच्या मैदानांवर हा प्रकार इतका माहितीचा की त्याला स्वतंत्र नावच पडले आहे, ‘वायपिंग’. आपल्याकडे त्याला त्याहून जुना आणि नेमका शब्द आहे : रडी.

हॉलंडचे इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ या १९३८ च्या ग्रंथात खेळाविषयी एक मार्मिक भेद केला आहे. लबाडी करणारा वेगळा आणि खेळ उधळणारा वेगळा. लबाड निदान नियम मानण्याचे सोंग तरी करतो, म्हणजे खेळाचे रिंगण त्याला मान्य असते. उधळणारा ते रिंगणच पुसून टाकतो, म्हणून समाज लबाडापेक्षा त्याच्यावर अधिक चिडतो. हुइझिंगांचा हा विचार मला पटतो. पण अंगणातल्या आणि रंगगोळीच्या खेळाला तो जसाच्या तसा लागू पडेल असे वाटत नाही. जेथे पंच आहे तेथे लबाडाला पकडणे हे पंचाचे काम, आणि लबाडी हा खेळाचाच एक भाग होऊन बसतो. जेथे पंच नाही तेथे मात्र एकाच्या रडीने सगळ्यांचा हात वर करण्याचा उत्साह मावळतो. तेथे लबाड हाच उधळणारा ठरतो. गल्लीत पंचाशिवाय कबड्डी खेळलेल्या कोणालाही हे पटेल. बाद झालेल्याचे काय करायचे यावरही आपल्या लोकांनी बारकाईने विचार केला होता. कबड्डीच्या जुन्या प्रकारांत, ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक बाद झाला की आपला एक बाद झालेला पुन्हा उठतो, ‘गामिनी’त बाद झालेला अखेरपर्यंत बाहेरच, आणि ‘अमर’मध्ये गुण जातो, माणूस खेळतच राहतो. रंगगोळीच्या मैदानांवर नेमके हेच प्रकार निरनिराळ्या इंग्रजी नावांनी खेळले जातात. दादांनी ‘रिस्पॉन’ म्हणजे काय हे समजावून सांगायला सुरुवात करताच आमच्यातला एक कबड्डीपटू म्हणाला, “दादा, संजीवनी म्हणा की!” आणि मग कोणाला काही समजवावे लागले नाही.

आमच्या दिवसात रडीचा एकच प्रकार घडला आणि तो जाळीबाहेर बसलेल्या एका मित्राने पाहिला. या मित्राविषयी पुढे सांगायचे आहे. त्यापेक्षा मोठा पेच पडला तो दुसऱ्याच एका नियमावरून, आणि टिपण लिहावे असे मला वाटले ते त्यामुळेच.

जवळच्या अंतरावरून मारलेली गोळी जोरात लागते. म्हणून अशा मैदानांवर एक सौजन्याचा नियम असतो. दहाएक फुटांच्या आत प्रतिपक्षाचा खेळाडू बेसावध सापडला तर त्याला मारायचे नाही, नळी रोखून “सरेंडर” म्हणायचे. त्याने मान्य केले तर तो हात वर करून बाहेर जातो, वळ उठत नाही. तो वळून मारू लागला तर तुम्ही मारण्यास मोकळे. हा नियम कुठे सक्तीचा असतो, कुठे ऐच्छिक, तर कुठे कटकटीला कंटाळून काढून टाकलेला. आमच्याकडे तो ऐच्छिक होता. तिसऱ्या डावाच्या अखेरीस आमच्या एकांकिकांतून नायिका होणारी मैत्रीण मागच्या खोलीत शिरली, तर पाच-सहा फुटांवर प्रतिपक्षाचा एक जण पाठमोरा बसलेला. हा मुलगा रंगमंचावर कायम गरीब नोकराच्या भूमिका करतो. तिने नळी रोखून “सरेंडर” म्हटले. तो क्षणभर थांबला, गर्रकन वळला आणि त्याने मारले. तिच्या दंडावर वळ उठला आणि त्यांचा संघ जिंकला.

जेवणाच्या सुट्टीत पिठले-भाकरीपेक्षा हा वादच अधिक चविष्ट ठरला. तिचे म्हणणे, “मी तुला सोडले होते. नुसते बोट दाबायचे बाकी होते.” त्याचे म्हणणे, “वळला तर मारा, असे नियमातच आहे. मी वळलो. तू मारले नाहीस. यात माझा काय दोष?” दोघांचेही शब्दशः खरे होते. चमूचे दोन तट पडले, आणि गंमत म्हणजे ते संघांप्रमाणे पडले नाहीत. जिंकलेल्यांपैकीही तिघे तिच्या बाजूचे होते. दिग्दर्शकांनी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी भाषण केले.

चौथ्या डावात काय झाले ते फारच बोलके आहे. एकानेही “सरेंडर” म्हटले नाही. सौजन्य दाखवणाऱ्याला वळ आणि न दाखवणाऱ्याला विजय मिळतो हे सर्वांनी पाहिले होते, तेव्हा सर्वांनी हाताच्या अंतरावरून खुशाल मारले. त्या डावात तिघांच्या अंगावर वळ उठले, त्यांपैकी एक गरीब नोकर. डाव संपल्यावर कोणी कोणाशी बोलेना. ज्या नियमाचा सारा खर्च चांगुलपणा करणाऱ्यावर पडतो तो नियम नुसत्या चांगुलपणावर टिकत नाही, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. ते एवढ्या लवकर खरे ठरेल असे वाटले नव्हते.

मग आम्हीच दादांना सांगून दुरुस्ती केली : “सरेंडर” म्हटले की ते सक्तीने मानायचे, वळायचे नाही. पाचव्या डावात लगेच उलटा गैरफायदा सुरू झाला. जो तो बोळाच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाला “सरेंडर!” म्हणून ओरडू लागला. एकाने तर भिंतीपलीकडून, न बघताच, तिघांना एकदम शरण यायला सांगितले. दादा हसत हसत क्रिकेटच्या खेळपट्टीसाठी ठेवलेली फक्की घेऊन आले आणि प्रत्येक दारापासून दहा फुटांवर त्यांनी रेघा मारल्या. रेघेच्या आत असेल तरच शरण. त्यातही नळी त्याच्यावर रोखलेली असली पाहिजे, हे कलम सहाव्या डावाआधी घातले गेले. एका सौजन्याची अशी संध्याकाळपर्यंत तीन कलमे झाली. शेवटचे दोन डाव मात्र उत्तम रंगले. कोणालाही वळ उठला नाही, आणि निदान चार वेळा तरी “सरेंडर” ऐकून माणसे हात वर करून हसत बाहेर आली. नागरिकशास्त्राच्या तासाला कायदा कसा जन्मतो हे शिकवताना फक्कीची ती रेघ दाखवता आली असती तर बरे झाले असते.

हे सौजन्य आमच्याकडे पुन्हा रुजू शकले याला एक कारण आहे, ते नजरेआड करून चालणार नाही. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांमधील जीवनावर टोनी ॲशवर्थ यांचा १९८० चा ग्रंथ आहे, आणि त्याचा आधार घेऊन रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ मध्ये सहकार्याच्या उगमाविषयी आपला सिद्धांत मांडला. समोरासमोरच्या खंदकांत त्याच त्या तुकड्या दीर्घकाळ राहिल्या की त्यांच्यात न बोलता समझोता होई. तुम्ही आमच्या जेवणाच्या वेळी गोळीबार करू नका, आम्ही तुमच्या करणार नाही. उद्याही याच माणसाशी गाठ आहे, हे त्यामागचे रहस्य. आम्हा चौदा जणांची तर दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम होती. नायिकेला आणि गरीब नोकराला एकाच प्रवेशात उभे राहायचे होते. अनोळखी माणसांच्या विरुद्ध खेळताना हा धागा नसतो, आणि तेथे हाच नियम कितपत चालेल याविषयी मला शंका आहे.

आता आक्षेप. इतिहासाच्या सरांनी अभ्यासमंडळात घेतलेला आक्षेप असा की, नाव काहीही द्या, माणसावर नेम धरून चाप ओढण्याची ही सवय आहे, आणि महाविद्यालयाने सहलनिधीतून ती लावू नये. त्यांनी दाखला दिला तो वजनदार होता. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकी सैन्याने नेमबाजीच्या शिक्षणात वर्तुळांच्या निशाणाऐवजी माणसाच्या आकाराची, एकाएकी उभी राहणारी निशाणे आणली. खऱ्या रणांगणात समोर वर्तुळ नसते, माणूस असतो, हा त्यामागचा हिशेब. रंगगोळीत तर निशाण म्हणून खुद्द माणूसच! जर्मनीत मार्च २००९ मध्ये विनेंडेन येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर या खेळावर बंदी घालण्याचा विचार तेथील सत्ताधारी आघाडीने केला होता, आणि टीका झाल्यावर तो मागे घेतला, हेही सरांनीच सांगितले.

मी या आक्षेपाला हसण्यावारी नेत नाही. लष्करी रंगाचे जाकीट अंगावर चढताच आमच्यातल्या दोघातिघांची चाल आणि भाषा बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिले. परंतु उभ्या राहणाऱ्या निशाणात आणि या खेळात एक भेद आहे, तो सरांपुढे मी मांडला. ते निशाण पडते तेव्हा गप्प पडते. येथे मात्र आपला नेम लागला की नाही हे आपल्याला समोरच्या माणसाच्या तोंडून कळते. तो “बाद” म्हणतो तेव्हाच तो बाद होतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवल्याशिवाय तुम्ही जिंकूच शकत नाही. हत्येच्या सरावात हा भाग कोठून येणार? सर म्हणाले, “हा तुमच्या दिवसाचा गुण झाला, यंत्राचा नव्हे.” यावर मजजवळ पूर्ण उत्तर नाही. यंत्र गुरे मोजायलाही चालते आणि माणूस मोजायलाही, एवढेच मी म्हणू शकले.

जाळीबाहेर बसलेला मित्र सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी घराण्यातला. तो आमच्याबरोबर आला, भाकरी वाढल्या, पण खेळला नाही. आम्ही आग्रह केला तेव्हा एवढेच म्हणाला, “१९७१ साली आमच्या घरी तार आली होती. मला जमायचे नाही.” खेळ बंद करा असे त्याचे म्हणणे नव्हते. त्याची तक्रार एका शब्दापुरती होती. दादा डावाचा हिशेब सांगताना “तीन किल, दोन किल” असे म्हणत. तो उठून त्यांच्यापाशी गेला आणि म्हणाला, “दादा, बाद म्हणा. मेलेला माणूस उठून पिठले मागत नाही.” दादा क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. नंतरच्या सगळ्या डावांत “बाद” हाच शब्द चालला. डाग पुसणारा आमचा नट त्याने जाळीतून पाहिला होता, पण पंचाला सांगितले नाही. परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याच्या बाहीवरचा वाळलेला पिवळा डाग नखाने खरवडीत राहिला. दोघे काय बोलले ते मला ऐकू आले नाही, आणि माझ्या कानांची कीर्ती मंडळात सर्वांना माहीत आहे.

सहलनिधीचा प्रश्न अद्याप प्राध्यापकसभेपुढे आहे. निर्णय काहीही होवो, पुढील वर्षी जायचे ठरलेच तर हा मित्र पंच म्हणून यायला तयार आहे. अट एकच : लष्करी रंगाची जाकिटे नकोत, एका संघाला लाल आणि दुसऱ्याला निळी. फक्कीची पिशवी आम्ही आमचीच नेणार आहोत.